गोड बोलण्याची पारख : प्रस्तावना

नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायाच्या अखेरीस एक मातीचे भांडे येते. त्याच्यावर चांदीच्या मळीचा लेप आहे. मनात वैर आणि ओठांवर जिव्हाळा असलेला माणूस कसा दिसतो, हे सांगण्यासाठी सूत्रकार ते भांडे आपल्यापुढे ठेवतो. त्या काळी चांदी बहुतेक शिशाच्या खनिजातून मिळवीत. खनिज वितळवून काढलेले शिसे भट्टीत भाता मारून पुन्हा तापवले, की शिशाची राख वेगळी पडते आणि मागे चांदी उरते. त्या वेगळ्या पडलेल्या मळीत चांदी जवळजवळ नसते. पण ती आलेली असते चांदीच्याच भट्टीतून, म्हणून नुसत्या नजरेला फसवते. तोंडपुज्या माणसाचे बोलणे निखालस खोटे असते तर त्याला कोणी भुलले नसते. आपल्यातले जे काही खरे आहे, म्हणजे आपले कष्ट, आपली हुशारी, आपल्यावर झालेला अन्याय, त्याच्या अगदी जवळून ते बोलणे निघते.

हे पुस्तक अशा बोलण्याविषयी आहे. पवित्र शास्त्रात चोर, दरोडेखोर, खुनी सगळे आहेत. पण गोड बोलणाऱ्यापासून जपण्याचा इशारा ज्या कळकळीने आणि जितक्या वेळा येतो, तितका क्वचितच दुसरा कुठला येत असेल. एदेन बागेतल्या सर्पाने हव्वेला धमकावले नाही. तू देवासारखी होशील अशी आशा दाखवली. गेथशेमाने बागेत प्रभूला धरून दिले गेले तेही चुंबन घेऊन. पंचावन्नाव्या स्तोत्रातल्या कवीला शत्रूच्या वाराचे तितके दुःख नाही. बरोबर देवाच्या मंदिरात चालत गेलेला मित्र लोण्यासारखे बोलत होता आणि मनात लढाई मांडत होता, हे त्याला सोसवत नाही.

नीतिसूत्रे हा ३१ अध्यायांचा संग्रह एका बैठकीत लिहिलेला नाही. पंचविसाव्या अध्यायाच्या आरंभी नोंद आहे, की पुढची शलमोनाची सूत्रे यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी उतरून घेतली. हिज्कीयाचा काळ इ. स. पू. ७०० च्या आसपासचा. म्हणजे मातीच्या भांड्याचे ते सूत्र ज्यांनी जपून ठेवले ती राजाच्या पदरची लिहिती माणसे होती. दरबारात कोण कशासाठी वाकतो, कोणाची स्तुती कुठे जाऊन पोचते, हे त्यांनी रोज पाहिले होते. शेजारच्या इजिप्तमध्येही असेच शहाणपण लिहून ठेवले जात होते. आमेनेमोपे नावाच्या अधिकाऱ्याच्या उपदेशाचा पपायरस १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढच्याच वर्षी आडोल्फ एर्मान यांनी नीतिसूत्रांच्या बावीस ते चोवीस या अध्यायांशी त्याचे जवळचे नाते दाखवून दिले. मोठ्या अधिकाऱ्याच्या पंगतीला बसल्यावर ताटातल्या पक्वान्नांना भुलू नये, हा सल्ला दोन्हीकडे आहे. देवाचे वचन या कारकुनांच्या अनुभवातून आपल्यापर्यंत आले, याचे मला मोल वाटते. डोंगरावर एकांतात बसलेल्या माणसाला ही पारख कळली नसती.

सूत्र लहान असते आणि लगेच पाठ होते, म्हणून ते वरवर वाचून पुढे जाण्याचा धोका असतो. त्यासाठी या पुस्तकात प्रत्येक सूत्रापाशी शास्त्रातली एखादी कथा ठेवली आहे. त्यांतल्या अबशालोमाच्या कथेवर सर्वांत जास्त पाने खर्ची पडली आहेत, आणि ती मुद्दाम पडू दिली आहेत.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला पंधरावा अध्याय वेशीवर सुरू होतो. प्राचीन इस्राएलमध्ये वेस म्हणजे नुसता दरवाजा नव्हे. देशाच्या उत्तर टोकाला तेल दान इथे अव्राहाम बिरान यांनी १९६६ पासून उत्खनन केले, तिथली वेस आजही पाहता येते. फरसबंद चौक, भिंतीलगत दगडी बाक, आणि एका बाजूला न्यायासनाचा असावा असा छोटा चौथरा. याच ठिकाणी १९९३ मध्ये दाविदाच्या घराण्याचा उल्लेख असलेला शिलालेख सापडला. वडीलधारी माणसे वेशीत बसत, सौदे तिथेच होत, तंटे तिथेच तुटत. गाऱ्हाणे घेऊन राजाकडे निघालेल्या माणसाला वेशीवरूनच जावे लागे.

दावीद राजाचा मुलगा अबशालोम पहाटे उठून त्या वाटेवर उभा राही. त्याच्यापाशी रथ होता, घोडे होते, पुढे धावायला पन्नास माणसे होती. असा राजपुत्र रस्त्याच्या कडेला थांबून कुठल्याशा गावच्या शेतकऱ्याला विचारी, की तू कुठला? तो माणूस आपल्या वंशाचे नाव सांगे आणि गाऱ्हाणे मांडू लागे. अबशालोम त्याला सांगे, की तुझी बाजू न्यायाची आहे, पण ती ऐकून घ्यायला राजाने कोणी नेमलेला नाही. मग हळहळून म्हणे, की मला या देशाचा न्यायाधीश केले असते तर प्रत्येकाला न्याय मिळाला असता. माणूस नमस्कारासाठी वाकला की तो त्याला हात देऊन धरी आणि त्याचे चुंबन घेई.

इथे थांबून पाहावे, की यात उघड खोटे असे किती आहे? चौकशी खरी होती. हाताचा स्पर्श खरा होता. लोकांचे गाऱ्हाणेही खरे असणार, नाहीतर ते घर सोडून निघाले कशाला असते? खोट एकाच जागी आहे, आणि ती चटकन दिसत नाही. समोरची बाजू न ऐकताच त्याने निकाल देऊन टाकला. वेशीवर येणाऱ्या प्रत्येकाची बाजू न्यायाची होती, त्याच्या प्रतिपक्षाचीसुद्धा, कारण तोही कधीतरी त्याच वाटेने आला असेल. नीतिसूत्रांचा अठरावा अध्याय सांगतो, की पहिला बोलणारा नेहमीच खरा वाटतो, दुसरा येऊन त्याची तपासणी करीपर्यंत. कोणी आपले गाऱ्हाणे एकही उलटा प्रश्न न विचारता मान्य करू लागला, तर तो आपल्याला न्याय देत नसून आपल्याकडून काही घेत आहे, असा संशय यायला हवा. अबशालोमाने काय घेतले ते शास्त्र एका वाक्यात सांगते. त्याने इस्राएल लोकांची मने चोरली.

पुढे त्याने बापाविरुद्ध बंड केले. त्या दिवशी यरुशलेमेतून दोनशे माणसे पाहुणे म्हणून त्याच्याबरोबर हेब्रोनला गेली. ती साध्या भोळ्या मनाने गेली, त्यांना काहीच ठाऊक नव्हते, असे शास्त्र आवर्जून नोंदवते. त्या दोनशेंची मला फार कळकळ वाटते. आपल्या मंडळ्यांमध्ये फसलेली माणसे बहुधा अशीच असतात. कोणी नवा माणूस उपासनेला येऊ लागतो, पाळकांच्या प्रवचनाची वाखाणणी करतो, म्हाताऱ्या बायकांना हाताला धरून घरी पोचवतो, आणि वर्षभरात त्याच्या शब्दावर लोक आपली पेन्शनची पुंजी त्याच्या हाती देतात. प्रीती सगळ्यांवर विश्वास ठेवते, हे आपण त्यांना शिकवलेले असते. प्रभूने शिष्यांना कबुतरांसारखे निष्कपट व्हायला सांगितले त्याच दमात सर्पासारखे चतुर व्हायलाही सांगितले, हे मात्र शिकवायचे राहून जाते. हे पुस्तक लिहिण्यामागे माझी पहिली प्रेरणा हीच आहे.

पण कथा दोनशे माणसांपाशी संपत नाही. दावीद अनवाणी, रडत जैतुनांचा डोंगर चढून पळाला आणि अबशालोम राजधानीत शिरला. तिथे दाविदाचा मित्र हूशय त्याला भेटतो आणि राजाचा जयजयकार करतो. कोणत्या राजाचा, हे तो बोलत नाही. अबशालोमाला शंका येते. मित्राशी तुझी निष्ठा हीच का, असे तो विचारतोही. तरी पुढच्याच बैठकीत तो फसतो. अबशालोमाचा मसलतगार अहीथोफेल याचा सल्ला लष्करीदृष्ट्या अचूक होता. मला बारा हजार माणसे निवडू द्या, मी आज रात्रीच पाठलाग करतो, थकलेल्या राजाला एकट्याला मारतो आणि बाकीचे लोक तुमच्याकडे परत आणतो, असा तो होता. त्या बेतात कर्ता अहीथोफेल होता. हूशयाने दुसरे चित्र रंगवले. दानापासून बैर-शेब्यापर्यंतचे सगळे इस्राएल समुद्रकाठच्या वाळूसारखे जमवायचे आणि आपण स्वतः त्यांच्या अग्रभागी लढाईवर निघायचे. पहिल्या बेतात अबशालोम घरी बसून बातमीची वाट पाहणार होता, दुसऱ्यात तो सेनेच्या पुढे होता. त्याने दुसरा निवडला. दाविदाला यार्देन ओलांडायला वेळ मिळाला, आणि एफ्राइमाच्या रानात अबशालोमाचे डोके झाडात अडकले.

लोकांच्या मनातली भूक ओळखून ती गोड शब्दांनी भागवणारा राजपुत्र स्वतःची भूक कोणी ओळखली आहे, हे ओळखू शकला नाही. हूशयाचे बोलणे सरळ होते असे मी म्हणणार नाही. शास्त्रही त्याच्या जिभेचे कौतुक करीत नाही. अहीथोफेलाची मसलत मोडण्याचे परमेश्वराने ठरवले होते, एवढेच सांगून थांबते. पण या प्रसंगातून या पुस्तकाचा मुख्य धागा हाती लागला. बोलणाऱ्याचा चेहरा किंवा आवाज तपासून फसवणूक सहसा ओळखता येत नाही. आपल्याला काय ऐकायचे आहे, हे ज्याला प्रामाणिकपणे ठाऊक आहे, त्याला मात्र ती पुष्कळदा ओळखता येते.

इस्राएलचा राजा अहाब याच्या कथेत हे आणखी स्पष्ट होते. अहाब हा केवळ कथेतला राजा नाही. अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याच्या शिलालेखात इ. स. पू. ८५३ च्या कार्कारच्या लढाईत त्याचे दोन हजार रथ असल्याची नोंद आहे. त्याला रामोथ-गिलादवर चढाई करायची होती. शोमरोनच्या वेशीजवळच्या खळ्यात दोन राजे राजवस्त्रे घालून सिंहासनांवर बसले होते आणि चारशे संदेष्टे एका सुरात विजयाचे भाकीत सांगत होते. त्यांतल्या सिद्कीयाने तर लोखंडाची शिंगे करून आणली होती. दुसरा राजा, यहूदाचा यहोशाफाट, याला ते खटकले आणि त्याने आणखी कोणी आहे का म्हणून विचारले. अहाब उत्तरला, की मीखाया आहे, पण तो माझ्याविषयी कधी बरे बोलत नाही म्हणून मला त्याचा द्वेष वाटतो. मीखायाला आणायला गेलेल्या जासुदाने वाटेतच त्याला समजावले, की बाकीचे सगळे एकमुखाने चांगले बोललेत, तूही तसेच बोल.

मीखाया आला आणि आधी अगदी तसेच बोलला. जा, यश मिळेल, असे तो म्हणाला. तेव्हा अहाबच चिडला. किती वेळा तुला शपथ घालू, की मला खरे तेच सांग, असे तो म्हणाला. चारशे तोंडांतून जे वाक्य त्याने आनंदाने ऐकून घेतले होते, तेच मीखायाच्या तोंडून आले तेव्हा ते खोटे आहे हे त्याला क्षणात कळले. म्हणजे त्याची पारख शाबूत होती. चारशे जणांसमोर त्याने ती वापरली नाही, एवढेच. खरे कळल्यावर त्याने मीखायाला तुरुंगात टाकले, आणि तरी रणांगणावर वेश पालटून गेला. पूर्ण विश्वास असता तर वेश पालटला नसता. कोणीतरी सहज सोडलेला बाण त्याच्या चिलखताच्या सांध्यात घुसला.

नव्या करारात हा विषय एक पाऊल पुढे जातो, कारण तिथे स्तुतीतला शब्द न् शब्द खरा असलेला प्रसंग आहे. मार्काच्या बाराव्या अध्यायात परूशी आणि हेरोदी मिळून येशूकडे येतात. एरवी हे दोन गट एका पंगतीला बसले नसते. ते त्याला सांगतात, की आपण खरे आहात, कोणाची भीड धरत नाही, तोंड पाहून बोलत नाही, देवाचा मार्ग नीट शिकवता. यात काय खोटे आहे? आपण ख्रिस्ती लोक हे सगळे मनापासून मानतो. पण याच स्तुतीला लागून प्रश्न येतो, की कैसराला कर द्यावा की नाही? आधी भीड न धरणारा म्हणून त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचे, म्हणजे उत्तर देताना त्याला कैसराचीही भीड न धरण्याचा मोह होईल. तो मोह झाला की रोमी अधिकाऱ्यांकडे तक्रार तयार. कर द्या म्हटले तर लोकांत नाव जाणार. येशू स्तुतीवर एक शब्दही बोलत नाही. माझी परीक्षा का पाहता, असे विचारून तो नाणे मागतो. दिनार निघतो तो विचारणाऱ्यांकडूनच, आणि त्यावर कैसराची मुद्रा आणि नाव असते. ज्याचे राज्य मानावे की नाही असा प्रश्न विचारायला ते आले होते, त्याचेच नाणे त्यांच्यापाशी होते.

या प्रसंगावरून मी एक गोष्ट शिकलो आणि ती या पुस्तकात ठिकठिकाणी वापरली आहे. स्तुती खरी की खोटी, याचा निकाल लावत बसू नये. त्या स्तुतीला लागून पुढे काय येते, ते पाहावे.

प्रेषितांच्या कृत्यांतला चोविसावा अध्याय तर या दृष्टीने शिकवणीचा धडाच आहे. सुभेदार फेलिक्ससमोर तिर्तुल्ल नावाचा वकील पौलावर खटला चालवायला उभा राहतो आणि आधी फेलिक्सच्या कारकिर्दीतली शांतता, त्याच्या सुधारणा, लोकांची कृतज्ञता यांचा पाढा वाचतो. हा फेलिक्स कसा होता हे टॅसिटस आणि जोसेफस या इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. क्रूर आणि लोभी, असा त्यांचा निर्वाळा आहे. पौलालाही आपल्या जिवासाठी त्याच्यासमोर बोलायचे आहे. तो एवढेच म्हणतो, की आपण पुष्कळ वर्षे या लोकांचे न्यायाधीश आहात म्हणून मी आनंदाने आपली बाजू मांडतो. हे खरे होते, आदराचे होते, आणि त्यापुढे एक शब्दही नव्हता. हे दोन नमस्कार शेजारी ठेवून वाचावेत. वरिष्ठांपुढे, नेत्यांपुढे, बिशपांपुढे बोलावे लागणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा उपयोग होईल. फेलिक्स पौलाकडून लाचेची वाट पाहत राहिला आणि दोन वर्षे त्याला कैदेत ठेवले, हेही त्याच अध्यायात आहे.

कोणी म्हणेल, की मग कोणाचे कौतुकच करू नये का? तसे शास्त्र कुठेच म्हणत नाही. गोड शब्दांना नीतिसूत्रे मधाच्या पोळ्याची उपमा देतात आणि ते हाडांना आरोग्य देतात असे सांगतात. थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल त्या लोकांच्या विश्वासाचे भरभरून कौतुक करतो, आणि त्याच पत्रात सांगतो, की आम्ही तुमच्याशी कधी तोंडपुजेपणाने वागलो नाही. दोन्ही विधाने एकत्र कशी राहतात? त्याचे उत्तर तो स्वतःच देतो. आम्ही रात्रंदिवस हाताने काम केले, तुमच्यापैकी कोणावर भार घातला नाही. ज्याला आपल्याकडून काही घ्यायचे नाही त्याचे कौतुक आनंदाने घ्यावे, आणि आपणही असे कौतुक हात आखडता न घेता करावे. घराघरांत अशा कौतुकाला आसुसलेली माणसे आहेत. त्यांना ते मिळत नाही म्हणूनच ती बाहेरच्या गोडबोल्याच्या हाती सापडतात.

आणखी एका गोष्टीचा खुलासा इथेच करतो. नीतिसूत्रांच्या पाचव्या आणि सातव्या अध्यायांत मधाळ ओठांची परस्त्री येते, आणि तेवढ्यावरून गोड बोलून फसवणे हा बायकांचा स्वभाव आहे असे सांगणारी प्रवचने पिढ्यान्पिढ्या झाली. हा शास्त्रावर अन्याय आहे. ते अध्याय बाप मुलाला शिकवतो आहे अशा थाटात लिहिलेले आहेत, म्हणून मोह तिथे स्त्रीच्या रूपाने येतो. पण त्याच ग्रंथात ज्ञानही स्त्रीच्या रूपाने येते आणि वेशीत, चव्हाट्यावर उभे राहून मोठ्याने हाका मारते. अबशालोम, हूशय, सिद्कीया, तिर्तुल्ल, सगळे पुरुष होते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक ग्रंथांवरून संपूर्ण शास्त्र साध्या मराठीत उतरवले; १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्तीच्या छापखान्यातून ते प्रसिद्ध झाले. खेड्यातल्या बाईला शास्त्र स्वतः वाचता यावे ही त्यांची तळमळ होती. या अध्यायांवरची टिपणे लिहिताना ती वाचक माझ्या नजरेसमोर होती.

नीतिसूत्रांच्या सत्ताविसाव्या अध्यायावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. मित्राने केलेली जखम विश्वासाची असते आणि वैऱ्याची चुंबने मुबलक असतात, हे त्यातले सूत्र सर्वांना पाठ आहे. त्याच अध्यायात पुढे भल्या पहाटे उठून मोठ्याने शेजाऱ्याला आशीर्वाद देणाऱ्याचे सूत्र आहे. तो आशीर्वाद शापच समजला जाईल, असे ते सांगते. अवेळी आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात केलेल्या स्तुतीवर इतके नेमके बोट ठेवलेले मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही. आणि शेवटाकडे एक अवघड सूत्र आहे. चांदीसाठी मूस, सोन्यासाठी भट्टी, आणि माणसाची परीक्षा त्याच्या स्तुतीने होते. बोलणाऱ्याला पारखायला बसलेला वाचक इथे स्वतःच भट्टीत जातो. हेरोद अग्रिप्पाने सोर आणि सीदोनच्या लोकांच्या तोंडून आपण देव असल्याचे ऐकले आणि त्यांना आवरले नाही. जोसेफस सांगतो, की कैसरीयाच्या नाट्यगृहात सकाळच्या उन्हात त्याचा रुपेरी झगा झळकत होता. इ. स. ४४ मध्ये तो थोड्याच दिवसांत पोटाच्या वेदनांनी मेला. ते लोक आले होते धान्यासाठी, कारण त्यांच्या प्रांताला अन्न त्याच्याच देशातून मिळत होते.

पुस्तक कसे वाचावे याविषयी थोडे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचे पंधरा ते अठरा अध्याय आधी सलग वाचून घ्यावेत, त्यावाचून पुढची प्रकरणे अर्धवट कळतील. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिलेली वचने शास्त्रातच उघडून पाहावीत, माझ्या शब्दांवर विसंबू नये. नोकरीधंद्यासाठी नुकतीच घराबाहेर पडणारी मुले-मुली आणि निवृत्तीचे पैसे हातात आलेली वडीलमंडळी यांच्याबरोबर बसून हे मोठ्याने वाचता आले तर फार बरे. एखाद्या वचनाचा अर्थ मी ओढून-ताणून लावला असेल, कोणाविषयी अन्यायाने लिहिले असेल, तर वाचकांनी भीड न ठेवता मला कळवावे. पुढच्या आवृत्तीत तशी दुरुस्ती करीन.